पडल्याची नोंद

‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याचे वय त्या वेळी काय होते, हे कळावयास मार्ग नाही; तिशीच्या आतलेच असावे, असा माझा तर्क आहे. ह्या म्हणीची परीक्षा पाहण्याचा प्रसंग मजवर गेल्या दोन हिवाळ्यांत आला. नोकरीतून निवृत्त होऊन अलिबागेस बिऱ्हाड केल्यावर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी बिनतारी नियंत्रणाने चालणारे लहानसे विमान उडवावयास शिकू लागलो. घरातील मंडळींनी ही बातमी कशी ऐकली, ते विस्ताराने सांगत नाही. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “पडलं तर कुणाच्या डोक्यात नाही ना पडणार?” हा प्रश्न त्या वेळी मला थट्टेचा वाटला. पुढे कळून आले की ह्या विद्येतील सारे शहाणपण ‘पडलं तर’ ह्या दोन शब्दांतच साठविलेले आहे.

माझा गुरू माझ्या वयाच्या एक-तृतीयांश. शेजारच्या वाडीतला मुलगा. मुंबईस महाविद्यालयात शिकत असता राष्ट्रीय छात्रसेनेच्या विमान-शाखेत तो ही विद्या शिकला होता. पौष-माघातल्या सकाळी आम्ही ओहोटीची वेळ साधून माणसांची वर्दळ नसलेल्या एका पुळणीवर जात असू. आकाशही आता मोकळे राहिलेले नाही; २०२१ च्या ड्रोन नियमांपासून नकाशावर हिरवे, पिवळे व लाल पट्टे आखले गेले आहेत, आणि ते पाहिल्यावाचून माझा गुरू पेटीचे झाकणही उघडीत नसे. ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा त्या वेळी मंद झालेला असतो आणि ऊन चढल्यावर समुद्राकडून येणारा खारा वारा अद्याप उठलेला नसतो. ह्या दोन वाऱ्यांच्या मधली जी घटका-दोन घटकांची शांती, तीच नवशिक्याची शाळा.

ही विद्या पाहणाऱ्यास सोपी वाटते. हातात एक पेटी. तिला दोन दांडे. एकाने वेग व सुकाणू, दुसऱ्याने चढणे-उतरणे आणि एका अंगावर कलणे. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर त्याचा उजवा तो आपला उजवा. परंतु तेच वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हातास येतो, आणि साठ वर्षे मुरलेली सवय नेमका उलटा दांडा ओढते. तरुणाचा हात ही चूक करतो आणि निमिषात सुधारतो. माझ्या हातास ती सुधारण्याचा हुकूम पोचेपर्यंत विमान जमिनीशी पोचलेले असे. “आजोबा, जो पंख खाली झुकेल त्याच्या बाजूला दांडा न्या. पडणाऱ्याला हात द्यावा तसा,” असे गुरूने सांगितले. दुसरा नियम उंचीचा: दोन चुका पोटात घालता येतील एवढ्या उंचीवर विमान ठेवावे, एक चूक होणारच, आणि ती सुधारताना दुसरी होणार. तिसरा नियम उतरण्याचा. जमीन जवळ आली की नाक वर उचलण्याचा मोह होतो. नाक उचलले की वेग घटतो, वेग घटला की पंखांचा आधार सुटतो, आणि जे हळूच टेकावयाचे ते धाडकन आदळते.

तिसऱ्या आठवड्यात माझे विमान असेच आदळले. नाक मोडले, एक पंख सुरूच्या झाडांकडे उडून गेला. मी तुकडे गोळा करीत असता मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या एका कोळणीने थांबून विचारले, की नातवाचे खेळणे मोडले काय? मी चटकन मान डोलाविली. मला नातू नाही. घरी परतताना मोडक्या विमानापेक्षा त्या खोट्या होकाराचेच ओझे अधिक वाटत होते. गुरूने मात्र नुकसानीकडे पाहिलेही नाही. “पडलं त्याचं काही नाही, आजोबा,” तो म्हणाला, “कशानं पडलं ते लिहून ठेवलंत का?”

ह्या एका प्रश्नाने मला विमानविद्येच्या इतिहासाकडे वळविले. त्या इतिहासात मी जसजसा खोल गेलो, तसतसे असे दिसून आले की मोठ्या विमानाआधी लहान विमान आले, आणि लहान विमानाचा इतिहास हा उड्डाणांइतकाच पतनांचा आणि त्यांच्या नोंदींचा आहे.

पॅरिसच्या त्विलरी बागेत १८ ऑगस्ट १८७१ रोजी आल्फोन्स पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने पीळ दिलेल्या रबराच्या शक्तीने एक लहानसे विमान उडविले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. अकरा सेकंदांत मनुष्य धड दोन घोट चहा घेऊ शकत नाही; परंतु मागे योग्य कोनात शेपटी लाविली असता विमान हवेत आपला तोल आपण सांभाळू शकते, हे त्या अकरा सेकंदांत सिद्ध झाले. पेनोच्याच कल्पनेवरून केलेले, बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी घरी आणले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांनी ते मोडेपर्यंत उडविले आणि मग तसेच नवे करावयास घेतले.

परंतु हे झाले तरुणांचे आणि बालकांचे. मला शोध होता तो पिकल्या केसांचा. इंग्लंडातील चार्ड गावी जाळीदार वस्त्रे विणण्याच्या यंत्रांच्या धंद्यात असलेल्या जॉन स्ट्रिंगफेलो याने १८४८ साली वाफेच्या यंत्राचे छोटे विमान केले. ते खरोखर कितपत उडाले ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण नोंद अपुरी. तोच स्ट्रिंगफेलो वीस वर्षांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर असता, पुन्हा ह्या कामास लागला आणि १८६८ साली लंडनच्या स्फटिकगृहातील प्रदर्शनात त्याच्या हलक्या वाफयंत्रास १०० पौंडांचे बक्षीस मिळाले. तथापि उतारवयात नव्याने आरंभ करणाऱ्यांचा खरा कुलगुरू मला सापडला तो सॅम्युएल पिअरपॉन्ट लँगली.

लँगलीचा जन्म १८३४ सालचा. तो ज्योतिर्विद होता. सूर्याच्या उष्णतेचे सूक्ष्म मापन करण्यात त्याने कीर्ती मिळविली होती. त्याने १८८६ साली, म्हणजे बावन्नाव्या वर्षी, पक्ष्यांच्या उड्डाणाविषयीचा एक निबंध एका विद्वत्सभेत ऐकला, आणि ज्या विषयाचे ओ की ठो त्यास ठाऊक नव्हते त्याच्या मागे तो लागला. पुढील वर्षी तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख झाला. अशा पदावरील मनुष्याने काय करावे? शाळकरी पोराप्रमाणे तो रबराच्या पिळावर चालणारी छोटी विमाने करू लागला. एक नव्हे, तीस-चाळीस. त्यांतली बहुतेक काही सेकंदांतच खाली येत. प्रत्येकीचे वजन, पंखांचे क्षेत्र, रबराचे पेळे आणि पडण्याचा प्रकार हे सर्व तो टिपून ठेवी.

पुढे त्याने वाफेची यंत्रे बसविलेली मोठी प्रतिरूपे केली. पोटोमॅक नदीत एक घरासारखी नाव नांगरून तिच्या छपरावरून ती सोडण्याची योजना होती. १८९३ पासून लँगली आणि त्याचे साथीदार कितीदा तरी त्या नावेवर गेले आणि वारा प्रतिकूल म्हणून परत आले. ज्या वेळी वारा अनुकूल त्या वेळी विमान सरळ पाण्यात. कोठे पंख वाकले, कोठे बाष्प कमी पडले, कोठे सोडण्याचे यंत्रच अडकले. अखेर ६ मे १८९६ रोजी त्याचे पाचवे प्रतिरूप नावेवरून सुटले आणि विस्तीर्ण वळसे घेत सुमारे ३,३०० फूट उडाले. बाष्प संपल्यावर ते हलकेच पाण्यावर टेकले. सुकवून त्याच दिवशी पुन्हा सोडले असता पुन्हा उडाले. दूरध्वनीचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे उपस्थित होता आणि त्याने त्या उड्डाणाचे छायाचित्र घेतले. वजन सुमारे ११ किलो, आत मनुष्य नाही, दिशा बदलण्याचे साधन नाही. तरीपण इतक्या मोठ्या, यंत्राने चालणाऱ्या, हवेहून जड वस्तूने इतके अंतर तोलाने कापल्याची नि:संशय नोंद त्यापूर्वी नव्हती. लँगली त्या वेळी एकसष्ट वर्षांचा होता.

येथेच कथा संपती तर ती सुखान्त झाली असती. परंतु १८९८ साली अमेरिकेच्या युद्धखात्याने मनुष्य वाहून नेणाऱ्या विमानासाठी ५०,००० डॉलर देऊ केले, आणि लँगलीने लहान विमान मोठे करावयास घेतले. लहानाचे मोठे करणे हे वाटते तितके सरळ नसते: आकार दुप्पट केला तर पंखांचे क्षेत्र चौपट होते, पण वजन आठपट. १९०३ सालच्या ७ ऑक्टोबरला आणि ८ डिसेंबरला ते मोठे विमान, आतील चालकासह, दोनदा पोटोमॅकमध्ये कोसळले. चालक वाचला, लँगलीची अब्रू वाचली नाही. वृत्तपत्रांनी त्या वृद्धाची मनसोक्त टर उडविली. दुसऱ्या पतनानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, खेळण्यातले विमान मोडेपर्यंत उडविणारे ते दोघे भाऊ किटी हॉकच्या वाळूवरून हवेत गेले. लँगली १९०६ साली वारला. १९११ साली स्मिथसोनियनने त्याच्या प्रयोगांचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात उड्डाणे थोडी आणि अपयशे फार. पण प्रत्येक अपयशास तारीख आहे, कारण आहे. म्हणूनच तो हरलेला मनुष्य आजही आपल्याशी खरे बोलतो.

आता आपल्या घराकडे वळू. अलिबागेहून उत्तरेस समुद्रमार्गे गेले की मुंबई लागते, आणि मुंबईची चौपाटी म्हटली की विमानाच्या संदर्भात एक नाव हमखास निघते: शिवकर बापूजी तळपदे. तळपदे (१८६४–१९१६) हे पाठारे प्रभू ज्ञातीतले मुंबईचे गृहस्थ, सर जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता, आणि प्राचीन ग्रंथांतील विमानवर्णनांचा त्यांस ध्यास लागला होता. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी कथा अशी की, १८९५ साली, म्हणजे लँगलीच्या आदल्या वर्षी आणि राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे निर्मनुष्य विमान उडविले. ते १,५०० फूट चढले आणि मग खाली पडले. न्यायमूर्ती रानडे आणि महाराज सयाजीराव हे ते पाहावयास उपस्थित होते.

ही कथा प्रथम ऐकली तेव्हा, खोटे कशाला सांगू, माझी छाती फुगली. परंतु पुळणीवर चार महिने काढल्यावर तीच कथा वाचताना मन निराळेच प्रश्न विचारू लागले. वजन किती? पंख केवढे? यंत्र कोणते? वारा कोणत्या दिशेचा? आणि माझ्या गुरूचा प्रश्न: पडले, ते कशाने? यांपैकी एकाचेही उत्तर कथेत नाही. त्या दिवसाचे खात्रीलायक समकालीन वर्णन अभ्यासकांच्या हाती आलेले नाही. हजारोंच्या समोर घडलेली म्हणून सांगितलेली गोष्ट, आणि तिचे ना चित्र, ना मोजमाप. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नामक संस्कृत ग्रंथाचा ह्या कथेस आधार देण्यात येतो, तो सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहविलेला, म्हणजे तळपद्यांच्या मृत्यूनंतरचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची चिकित्सा केली. तीत ग्रंथ विसाव्या शतकातलाच असल्याचे आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. इतके होऊनही २०१५ साली मुंबईस भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांचा विषय पुन्हा निघालाच, आणि त्याच वर्षी तळपद्यांच्या कथेवर एक हिंदी चित्रपटही आला.

वाचकांपैकी काहींस वाटेल की हा मनुष्य आपल्याच माणसाचा तेजोभंग करीत आहे. माझ्या मनात नेमके त्याच्या उलट आहे. तळपद्यांवर अन्याय कोणी केला असेल, तर तो त्यांच्या चाहत्यांनी. एक मध्यम स्थितीतला गृहस्थ, पाठीशी स्मिथसोनियन नाही, युद्धखात्याची थैली नाही, अशा स्थितीत आकाशयंत्राचा ध्यास घेतो, ही गोष्ट आहे तेवढीच पुरेशी मोठी आहे. त्यांनी एखादे प्रतिरूप केले असेल, ते चौपाटीच्या वाऱ्यात चार हात उडून वाळूत पडले असेल, त्यांनी तुकडे गोळा केले असतील, तर ते माझे सख्खे पूर्वज होत. परंतु आम्ही त्यांस १,५०० फुटांवर नेऊन बसविले आणि त्यांच्या हातचे खरे तुकडे हरवून टाकले. पडण्याची हकीकत नको म्हणून आम्ही उडण्याची दंतकथा केली. कोळणीपुढे मी जी मान डोलाविली, तिचेच हे विराट रूप होय: मोडले ते माझे, असे म्हणावयाची लाज.

आपल्या लोकांस नोंदीची आवडच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ज्या अलिबागेत मी राहतो तेथेच त्याचे उत्तर आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेतली जात होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म सुया बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम १९०४ साली अलिबागेस हलविले. चुंबकीय द्रव्याचा स्पर्श नसलेल्या इमारती बांधल्या, आणि जुन्या-नव्या मापांची साखळी तुटू नये म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. ती साखळी आजही चालू आहे. तेथील सुई कितीही लहान हलो, ती हलली असे लिहिले जाते; कोणी तिला आपल्या सोयीने हलवीत नाही.

येथून जवळच किहीम. नोकरी हातची गेलेले सालिम अली १९३० साली तेथे येऊन राहिले, आणि घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांपुढे बसून महिनोन्‌महिने टिपणे घेत राहिले. नर अनेक घरटी अर्धवट विणतो, माद्या येऊन ती पारखतात, आणि पसंत पडले तरच त्यात राहतात, हे त्यांनी पाहून लिहिले. नापसंत होऊन तशीच लोंबत राहिलेली घरटी त्यांनी वगळली नाहीत. किंबहुना त्या टाकलेल्या घरट्यांमुळेच सुगरणीच्या संसाराचे कोडे उलगडले. म्हणजे हा किनारा दंतकथेचा नव्हे, वहीचा किनारा आहे.

ह्या वहीचे फळ किती दूर पोचते, ते माझ्याच छंदातील एका वृद्धाने दाखविले आहे. बिनतारी नियंत्रणाने वस्तू चालविण्याचा प्रयोग निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे एका लहान नावेवर करून दाखविला. १९३७-३८ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनी तो विमानापर्यंत नेला, आणि हा छंद जगभर पसरला. त्याच छंदातील मेनार्ड हिल ह्या अमेरिकन गृहस्थाच्या मनाने घेतले की असे विमान अटलांटिक महासागर ओलांडून न्यावे. नियमाप्रमाणे वजन इंधनासकट पाच किलोंच्या आत हवे. २००२ सालचे प्रयत्न समुद्रात बुडाले. काय बिघडले ह्याचा विचार करून पुन्हा विमाने बांधली. ९ ऑगस्ट २००३ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून हिल यांनी आपल्या हाताने एक विमान हवेत सोडले. त्यात गॅलनभरही इंधन नव्हते. ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे ३,०३० किलोमीटर उडून, ते आयर्लंडच्या पुळणीवर उतरले. हिल यांचे वय त्या वेळी सत्त्याहत्तर होते. त्यांस जवळजवळ दिसत नसे आणि ऐकूही फार थोडे येत असे. समुद्रावर विमानाचा मार्ग स्वयंचलित यंत्राने राखला, आणि उतरविताना दांडे सहकाऱ्याच्या हाती होते. परंतु ते विमान ज्या ज्ञानाने उडाले, ते बुडालेल्या विमानांनी दिलेले होते.

मला अटलांटिक ओलांडावयाचा नाही. कुलाबा किल्ल्याकडे पाठ करून, आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा डावा-उजवा न चुकता ते वाऱ्याच्या तोंडी उतरविता आले, की माझी यात्रा पुरी झाली. गेल्या माघात ते सलग तीनदा साधले. चौथ्यांदा नाही. त्या दिवशीही सुरूच्या झाडांखालून तुकडे वेचीत होतो, आणि योगायोग असा की तीच कोळीण पुन्हा वाटेने आली. तिने मागच्यासारखेच विचारले. ह्या खेपेस मी म्हणालो, “नाही हो, नातवाचं नाही. माझंच आहे. मीच पाडलं.” ती हसली आणि पाटी सावरीत पुढे गेली.

घरी येऊन मी वही उघडली. तारीख घातली, वाऱ्याची दिशा लिहिली, आणि खाली लिहिले: ‘उतरताना जमीन जवळ दिसली, घाबरून नाक उचलले, वेग गेला. कारण: वारा नव्हे, विमान नव्हे. हात.’